ट्रकला सिंथेटिक ऑइल घालावे की साधे? सोलापूरच्या नव्या गाडीमालकासाठी मार्गदर्शन

सोलापुरात ऑइलच्या दुकानाच्या काउंटरवर नवा गाडीमालक उभा राहिला की त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘सिंथेटिक घालू की साधे?’ असा असतो, आणि दुकानदाराचे उत्तर बहुधा त्याच्या फळीवर कोणता माल जास्त आहे यावर ठरते. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा क्रमांक तिसरा आहे. इंजिनाला कोणत्या दर्जाचे ऑइल लागते आणि ते किती घट्ट असावे, या दोन गोष्टी त्याच्या आधी ठरलेल्या असाव्या लागतात; त्या ठरल्या की सिंथेटिकचा प्रश्न बराचसा हिशेबाचा उरतो. एक-दोन ट्रक घेऊन नुकत्याच धंद्यात उतरलेल्या माणसासाठी हा लेख आहे, त्यामुळे मुरलेल्या मालकांना यातला काही भाग प्राथमिक वाटेल.

आधी दोन्हींतला फरक

डब्यातल्या ऑइलचा बहुतांश भाग मूळ तेलाचा असतो. उरलेला भाग काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, झीज रोखणारी आणि फेस होऊ न देणारी रसायने व्यापतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजेच एपीआय या संस्थेने मूळ तेलांचे पाच गट पाडले आहेत. पहिल्या दोन गटांत खनिज तेल शुद्ध करून मिळणारी साधी तेले येतात. तिसऱ्या गटातले तेलही खनिज तेलापासूनच मिळते, पण उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून त्याच्या रेणूंची रचनाच बदललेली असते. चौथ्या गटात पॉलिअल्फाओलेफिन हे कारखान्यात रेणू जोडून घडवलेले तेल येते, आणि पाचव्यात एस्टरसारखी बाकीची सर्व.

तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणावे की नाही यावरून मोबिल आणि कॅस्ट्रॉल या कंपन्यांत अमेरिकेत वाद झाला होता. १९९९ साली तिथल्या जाहिरातविषयक तंटे सोडवणाऱ्या मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने निर्णय दिला आणि तेव्हापासून तिसऱ्या गटालाही सिंथेटिक म्हणण्याचा रिवाज पडला. म्हणून ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिलेल्या डब्यात हेच तेल असू शकते. त्यात फसवणूक नाही, कारण हे तेल चांगलेच असते. ‘सेमी सिंथेटिक’ किंवा ‘सिंथेटिक टेक्नॉलॉजी’ या शब्दांमागे मात्र अमुक टक्के सिंथेटिक असे कोणतेही ठरलेले प्रमाण नसते, म्हणून त्या शब्दांसाठी जादा पैसे मोजताना हात थोडा आखडता घेतलेला बरा.

कामाच्या दृष्टीने फरक असा की सिंथेटिक तेल उष्णतेत हळू कुजते, कमी उडून जाते, कडाक्याच्या थंडीत कमी गोठते आणि त्यामुळे जास्त काळ टिकते. काजळी, धूळ आणि डिझेलची भेसळ यांच्यापुढे मात्र दोन्ही तेले जवळपास सारखीच असतात, आणि सोलापूरच्या ट्रकचे ऑइल बहुतेक वेळा याच तिघांमुळे वाया जाते.

पहिली पायरी: गाडीचे पुस्तक आणि आरसी पुस्तिका समोर ठेवावी

डिझेल इंजिनाच्या ऑइलचा दर्जा एपीआयच्या अक्षरांनी सांगितला जातो. सीएच-४ हा दर्जा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा, सीजे-४ हा २००६ चा आणि सीके-४ हा २०१६ च्या अखेरीस आलेला. ‘सी’नंतरचे अक्षर जितके पुढचे तितका दर्जा नवा, आणि सर्वसाधारणपणे नवा दर्जा जुन्या इंजिनात चालतो, जुना दर्जा नव्या इंजिनात चालत नाही. याला एक अपवाद आहे. सीके-४ बरोबरच आलेला एफए-४ हा दर्जा मुद्दाम पातळ ठेवलेल्या तेलाचा असून तो फक्त त्यासाठीच घडवलेल्या इंजिनांत चालतो. असा डबा कोणी ‘सगळ्यात नवीन’ म्हणून पुढे केला, तर पुस्तकात ही अक्षरे स्पष्ट लिहिलेली असल्याशिवाय तो घेऊ नये.

आता आपली गाडी कोणत्या काळातली ते पाहावे. भारत स्टेज-६ (बीएस-६) हा धुराच्या प्रदूषणाचा नियम १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाला आणि त्याबरोबर डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, आणि युरियाच्या द्रावणावर चालणारी यंत्रणा असते. इंजिनात थोडेफार ऑइल जळतेच, आणि त्यातल्या धातुयुक्त रसायनांची राख त्या जाळीत साठते. काजळी उष्णतेने जाळून टाकता येते, राख जळत नाही. म्हणून अशा गाडीला कमी राखेचे ऑइल लागते. सीजे-४ आणि सीके-४ या दर्जांत सल्फेटेड राखेवर १ टक्क्याची मर्यादा घातलेली आहे, सीआय-४ मध्ये अशी कडक मर्यादा नाही. इथेच नवख्या माणसाची मोठी चूक होते. सीआय-४ दर्जाचे महागडे सिंथेटिक ऑइल भारत स्टेज-६ च्या गाडीत घालणे हे सीके-४ दर्जाचे साधे ऑइल घालण्यापेक्षा वाईट आहे. डीपीएफ तुंबून गाडी हैदराबाद रस्त्यावर मधेच ताकद सोडून उभी राहिली, तर डब्यावरचा ‘सिंथेटिक’ हा शब्द तिला ढकलायला येत नाही.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर केवळ उत्पादनाच्या वर्षावरून अंदाज बांधू नये. भारत स्टेज-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आले, पण एप्रिल २०१० मध्ये ज्या १३ शहरी भागांत ते आधी लागू झाले त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होते. त्यामुळे एमएच-१३ पासिंगच्या एकाच वर्षाच्या दोन गाड्या वेगवेगळ्या स्टेजच्या निघू शकतात. आरसीवरील नोंद आणि इंजिनावरची पाटी हाच खरा पुरावा मानावा.

काही गाड्यांच्या पुस्तकात एपीआयच्या अक्षरांबरोबर गाडी बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा मान्यता क्रमांकही दिलेला असतो, उदाहरणार्थ मर्सिडीजचा २२८.५१ किंवा व्होल्व्होचा व्हीडीएस-४.५. डब्यावर ‘मान्यताप्राप्त’ लिहिले आहे की नुसते ‘वापरण्यास योग्य’, हे नीट वाचावे. पहिल्या शब्दाचा अर्थ गाडी कंपनीने ते ऑइल तपासून मान्य केले असा होतो; दुसरा हा ऑइल कंपनीचा स्वतःचा दावा असतो. वॉरंटीतल्या गाडीच्या मालकाने फक्त ‘मान्यताप्राप्त’ लिहिलेलेच घ्यावे.

दुसरी पायरी: घट्टपणाचा नंबर ठरवावा

सोलापूरच्या गॅरेजांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी हिंदी एकाच जॅकखाली बोलली जाते, पण ‘फोर्टी नंबरचे ऑइल’ ही भाषा सगळ्यांना सारखीच समजते. डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलेले असते. त्यातला ४० हा १०० अंश सेल्सिअस तापमानाला तेल किती घट्ट राहते हे सांगतो आणि १५डब्ल्यू हा थंडीतले वागणे सांगतो. १५डब्ल्यू तेलाची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २० अंशांना आणि पंपाने ओढले जाण्याची चाचणी उणे २५ अंशांना होते.

सोलापुरातल्या पहाटेला उणे अंश माहीत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत पारा १०-१२ अंशांच्या खाली क्वचितच जातो. सिंथेटिक तेलाचा जगभर सर्वाधिक सांगितला जाणारा गुण म्हणजे गोठवणाऱ्या थंडीत चटकन पसरणे, आणि तो आपल्याकडे जवळजवळ निरुपयोगी आहे. सांगोल्याची डाळिंबे घेऊन जानेवारीत दिल्लीला जाणाऱ्या ट्रकलाही १५डब्ल्यू पुरते. म्हणून ५डब्ल्यू-३० हे १५डब्ल्यू-४० पेक्षा ‘भारी’ आहे अशा समजुतीने ते घेऊ नये. ते वेगळे आहे, आणि पुस्तकात दिले असेल तरच ते आपले.

उलट टोकाची समजूतही गॅरेजमध्ये भेटते. उन्हाळा आला, पारा ४३ वर गेला, तेव्हा २०डब्ल्यू-५० घाला, असे सांगणारे मेस्त्री आहेत. बाहेर ४३ अंश असले तरी इंजिनाच्या चेंबरमधले, म्हणजे तळाच्या टाकीतले, ऑइल बोजा असताना एरवीही १०० अंशांच्या आसपास किंवा वर असते, आणि पाण्याचे तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. बाहेरच्या दहा अंशांच्या फरकाने ऑइलचा नंबर बदलण्याची वेळ येत नाही. उन्हाळ्यात तापमानाचा काटा खरोखर वर चढत असेल तर रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा व माती, पंख्याचा कपलिंग आणि कूलंटची पातळी आधी पाहावी. घट्ट ऑइल घालून तो दोष झाकला जातो, जात नाही.

तिसरी पायरी: गाडी काय काम करते ते प्रामाणिकपणे लिहावे

एकाच मॉडेलचे तीन ट्रक सोलापुरात तीन वेगवेगळी आयुष्ये जगतात.

पहिला ट्रक चादरी-टॉवेलच्या गाठी किंवा सिमेंट घेऊन पुणे-हैदराबाद महामार्गावर धावतो. त्याचे इंजिन तासन्तास एका लयीत चालते, व्यवस्थित गरम राहते, आत ओलावा आणि कच्चे डिझेल साठत नाही, आणि महिन्याला किलोमीटर भरपूर होतात. अशा गाडीत ऑइल मुख्यतः उष्णतेने आणि वयाने थकते, आणि नेमका हाच थकवा सिंथेटिक तेल लांबवते. सिंथेटिकचा खरा गिऱ्हाईक हा ट्रक आहे.

दुसरा ट्रक ऊस ओढतो. गाळप हंगामात तो शेतातल्या काळ्या मातीतून निघतो, कारखान्याच्या वजनकाट्याबाहेर रांगेत लागतो, आणि रांग सतत थोडीथोडी सरकत असल्याने कित्येक चालक इंजिन बंदच करत नाहीत. मीटरवर दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर पडतात आणि इंजिन मात्र दहा तास चाललेले असते. उभ्या गाडीच्या एका तासाला ४० ते ५० किलोमीटर धरण्याची ढोबळ रीत आहे. त्या हिशेबाने सहा तास रांगेत उभी राहिलेली गाडी ऑइलच्या दृष्टीने आणखी २४० ते ३०० किलोमीटर पळालेली असते. उभ्या गाडीत मंद गतीने (आयडलिंगवर) थंड चालणाऱ्या इंजिनात डिझेल पुरते जळत नाही, काजळी वाढते आणि डिझेल खाली चेंबरमध्ये उतरून ऑइल पातळ करते. त्यावर सिंथेटिककडे उतारा नाही; उतारा एकच, ऑइल लवकर बदलणे. मग जे लवकर ओतून द्यायचे ते महाग कशाला घ्यायचे? ऊसवाहतुकीच्या जुन्या गाडीत योग्य दर्जाचे साधे १५डब्ल्यू-४० घालून ते तासांच्या हिशेबाने बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे. क्रशरवरची खडी आणि मुरूम वाहणाऱ्या टिपरलाही हेच लागू आहे, शिवाय तिथे एअर फिल्टरकडे दुप्पट लक्ष हवे, कारण फाटक्या होजमधून आत गेलेली बारीक धूळ कोणत्याही ऑइलला पॉलिश पेपर बनवते.

तिसरा ट्रक मार्केट यार्डातून कांदा भरून लांब पल्ल्याला जातो आणि हंगाम संपला की आठवडेच्या आठवडे उभा राहतो. त्याला किलोमीटर भरले नाहीत तरी पुस्तकातली महिन्यांची मुदत पाळावी लागते, त्यामुळे लांब मुदतीच्या ऑइलचा फायदा त्याच्या पदरात पुरता पडत नाही.

टर्बोबद्दल, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याबद्दल, एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. तुळजापूरचा घाट बोजासह चढून वर आल्यावर लगेच चहासाठी चावी बंद केली, तर टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेले ऑइल तिथेच भाजून त्याचा कोळसा होतो. सिंथेटिक तेल हे जास्त सोसते. दोन-तीन मिनिटे इंजिन मंद गतीने (आयडलिंगवर) चालू ठेवून मग बंद करण्याची सवय फुकट आहे. चालक बदलत राहणाऱ्या गाडीत त्या सवयीची खात्री देता येत नसेल तर सिंथेटिकच्या बाजूने हा एक ठोस मुद्दा आहे.

चौथी पायरी: किलोमीटरमागे पैसे काढावेत

लिटरचा भाव पाहून निर्णय घेणे ही सर्वात सामान्य चूक आहे. पुढचे भाव केवळ रीत समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या दुकानातले भाव घालून हिशेब करावा. समजा, चेंबरमध्ये १६ लिटर ऑइल बसते, साधे ऑइल ३०० रुपये लिटर आणि सिंथेटिक ६०० रुपये लिटर आहे, फिल्टरचे १,२०० आणि मजुरीचे ५०० रुपये लागतात. साध्या ऑइलची एक बदली ६,५०० रुपयांना पडली आणि ती २०,००० किलोमीटर चालली, तर किलोमीटरला साडेबत्तीस पैसे झाले. सिंथेटिकची बदली ११,३०० रुपयांना पडली आणि ती ४०,००० चालली, तर सव्वाअठ्ठावीस पैसे झाले. म्हणजे दुप्पट भावाचे ऑइल स्वस्त पडले. पण तेच ऑइल ३०,००० वर बदलले तर साडेसदतीस पैशांच्या वर जाते. या भावांत बरोबरी साधारण ३५,००० किलोमीटरला होते, आणि त्याच्या अलीकडे बदलणाऱ्याने सिंथेटिक घेण्यात पैशांचा अर्थ नाही.

आमच्या पहिल्या गाडीत मी नेमके हेच केले. सिंथेटिक घातले, पण मेस्त्रीने सवयीने काचेवर २०,००० चा स्टिकर चिकटवला आणि मीही सवयीने गाडी त्याच आकड्याला गॅरेजला लावली. वर्षभर असे चालले. हिशेबाची वही मांडून बसलो तेव्हा लक्षात आले की निम्मे आयुष्य शिल्लक असलेले ऑइल मी दर वेळी गटारीच्या भावाने सोडून देत होतो.

मुदत वाढवायची म्हणजे मनाने नव्हे. गाडीच्या पुस्तकात त्या दर्जाच्या ऑइलला जेवढी मुदत दिली आहे तिच्या पुढे, ऑइलच्या प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय जाऊ नये. काही ऑइल कंपन्या मोठ्या ग्राहकांना ही तपासणी करून देतात; दोन गाड्यांच्या मालकानेही विचारून पाहण्यास हरकत नाही. गरम इंजिनातून घेतलेल्या नमुन्यात घट्टपणा, काजळी, डिझेलची भेसळ, लोखंड-तांबे आणि सिलिकॉन हे आकडे पाहतात. सिलिकॉन वाढले तर धूळ आत जाते आहे, सोडियम किंवा पोटॅशियम दिसले तर कूलंट गळते आहे असा संशय घ्यावा. आम्ल मारण्याची ताकद, म्हणजे टीबीएन, नव्या ऑइलच्या निम्म्यावर आली की बदलीची वेळ जवळ आली असे मानण्याची पद्धत आहे. डीपस्टिकवरचे ऑइल काळे दिसणे ही मात्र कसलीच तपासणी नव्हे. डिझेल इंजिनात चांगले ऑइल काही दिवसांतच काळे होते, कारण काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे.

जुने इंजिन ऑइल खात असेल तर हिशेब उलटतो. दर २,००० किलोमीटरला एक लिटर टॉप-अप लागत असेल, तर वरच्याच भावांनी साध्या ऑइलला किलोमीटरमागे १५ पैसे आणि सिंथेटिकला ३० पैसे जास्त लागतात. बेरीज केली की साडेसत्तेचाळीस विरुद्ध सव्वाअठ्ठावन्न. अशा गाडीचे पैसे ऑइलवर नव्हे, रिंगांवर किंवा टर्बोच्या सीलवर घालावेत.

सिंथेटिकने डिझेल वाचते असेही सांगितले जाते. बचत असते, पण ती मुख्यतः पातळ नंबरामुळे, जसे १५डब्ल्यू-४० ऐवजी १०डब्ल्यू-३०, आणि पुस्तकाची परवानगी असेल तरच. वर्षाला २०,००० लिटर डिझेल पिणाऱ्या गाडीत अर्धा टक्का म्हणजे १०० लिटर होतात, ही रक्कम लहान नाही. मात्र टायरमधली हवा आणि चालकाचा पाय यांनी होणारा चढउतार त्याहून मोठा असल्याने ती वहीत वेगळी दिसत नाही.

पाचवी पायरी: बदली कशी करावी

साध्यावरून सिंथेटिकवर जाताना इंजिन धुण्याची गरज नसते, कारण दोन्ही तेले एकमेकांत मिसळतात. काही गॅरेजांत चेंबरमध्ये डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन ‘फ्लश’ करतात. ते करू देऊ नये, कारण आत राहिलेले डिझेल नव्या ऑइलला पहिल्याच दिवशी पातळ करते. गाडी सपाट जागी, इंजिन गरम असताना ऑइल सोडावे, घाई न करता शेवटचा थेंब निथळू द्यावा, आणि फिल्टर दर वेळी नवाच बसवावा. नवे ऑइल भरल्यावर ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत रेस देऊ नये. बंद करून काही मिनिटांनी डीपस्टिक पाहावी आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नये.

फार वर्षे हलक्या ऑइलवर चाललेल्या इंजिनात पहिली बदली मुद्दाम लवकर करावी, कारण चांगल्या ऑइलमधली स्वच्छ करणारी द्रव्ये जुना गाळ सोडवतात आणि तो फिल्टरमध्ये येतो. ‘सिंथेटिकने गळती सुरू होते’ या तक्रारीचे मूळही बहुधा इथेच असते. गाळाने बुजलेली झिजलेली सील उघडी पडते. मिसळण्याबाबत एवढेच लक्षात ठेवावे की वाटेत अडचण आली तर त्याच दर्जाचे साधे ऑइल टॉप-अप करता येते, पण मग लांब मुदत सोडून साध्याची मुदत धरावी. चालकाच्या केबिनमध्ये त्याच ऑइलचा पाच लिटरचा सीलबंद डबा ठेवला की हा प्रश्नच येत नाही.

सहावी पायरी: विकत घेताना

नामांकित कंपन्यांच्या डब्यात भेसळीचा माल भरून विकण्याचा धंदा देशभर चालतो, आणि महाग ऑइलमध्ये त्याचा मोह अधिक असतो. अधिकृत विक्रेत्याकडून छापील बिलासह घ्यावे, झाकणाचे सील आणि बॅच क्रमांक पाहावा, डब्यावर क्यूआर कोड असेल तर तिथेच स्कॅन करावा, आणि बॅरलमधून सुटे काढून दिलेले ऑइल वॉरंटीतल्या गाडीत कधीही घालू नये. बिल, मीटरचा आकडा आणि बॅच क्रमांक एकाच पानावर लिहून ठेवावेत. वॉरंटीचा वाद झाला तर हेच पान बोलते.

निघालेले जळके ऑइल बांधकामावर सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायला मागणारे लोक गॅरेजच्या दारातच भेटतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा असून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे, म्हणून ते गॅरेजने कोणाला दिले हे विचारून घ्यावे. रिकामा डबा आपल्यासमोर कापून किंवा भोसकून टाकायला लावावा आणि लेबलवर आडवी चीर मारावी, म्हणजे तो पुन्हा भरून फळीवर येणार नाही.